घोड्याच्या तोंडातले लोखंड

'जिभेला लगाम घाल', 'खर्चाला लगाम हवा', 'पोरगा अगदी बेलगाम झालाय' ही वाक्ये आपण रोज ऐकतो आणि बोलतो. परंतु खरा लगाम जवळून, हातात घेऊन पाहिलेली माणसे आता फार थोडी असतील. लग्नाच्या वरातीतली घोडी, माथेरानचे घोडे किंवा एखाद्या गावातला उरलासुरला टांगा, एवढाच आपला घोड्यांशी संबंध उरला आहे. तरीही लगामाचा इतिहास शिक्षकांनी वाचावा असा आहे. त्यात दातांचे शरीरशास्त्र आहे, तरफेचा नियम आहे, उत्खनन आहे आणि माणसाच्या समजुतींचा इतिहासही आहे.

लगामाचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. डोक्याभोवती बसणारे चामडी पट्टे हा एक, तोंडात आडवी जाणारी धातूची कडी हा दुसरा आणि त्या कडीला बांधलेल्या, स्वाराच्या हातात येणाऱ्या वाद्या हा तिसरा. या लेखात आपण प्रामुख्याने कडीविषयी बोलणार आहोत.

घोडा मान झटकतो, तोंड वासतो, जीभ बाहेर काढतो, कडी तोंडात घेताना डोके उंच धरतो. घोडा वयस्क असेल तर त्याला लगेच 'खोडीचा', 'हट्टी' असे शिक्के बसतात. अशा घोड्याचे काय करायचे? गेली तीन हजारांहून अधिक वर्षे या प्रश्नाचे एक उत्तर तयार आहे, ते म्हणजे अधिक कडक कडी. परंतु याच काळात अधूनमधून काही माणसांनी वेगळाच प्रश्न विचारला : याला कुठे दुखत तर नाही? या दुसऱ्या प्रश्नाचा प्रवास आपण पाहू या.

फट कशासाठी?

घोड्याच्या प्रत्येक जबड्यात पुढे सहा पटाशीचे दात असतात. मागे दाढांची रांग असते. या दोहोंच्या मध्ये बरीच मोकळी हिरडी असते. नर घोड्याला वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी या मोकळ्या जागेत सुळे येतात. काही घोड्यांना पहिल्या मोठ्या दाढेच्या अगदी पुढे एक खुजा दातही असतो. इंग्रजीत त्याला 'लांडग्याचा दात' म्हणतात.

ही फट निसर्गाने लगामासाठी ठेवलेली नाही. गाय आणि ससा यांच्या तोंडातही अशी फट असते. गवत कापणारे दात पुढे आणि ते दळणारे मागे अशी ही विभागणी आहे. माणसाने मात्र या फटीचा उपयोग हेरला. येथे ठेवलेली वस्तू घोड्याला सहज चावता येत नाही आणि ती ओढली की त्याला ताबडतोब जाणवते.

ती का जाणवते, हे समजण्यासाठी एक साधा प्रयोग करून पाहा. पोटरीवर बोटाने दाबा, मग तेवढ्याच जोराने नडगीच्या हाडावर पेन्सिल आडवी ठेवून दाबा. पोटरीत मांसाची गादी आहे. नडगीवर कातडीखाली लगेच हाड आहे. घोड्याच्या खालच्या जबड्याची ही मोकळी हिरडी नडगीसारखीच आहे. कडेला धार असलेले हाड आणि त्यावर पातळ, नाजूक आवरण. कडीचा काही भार जिभेवर पडतो, काही ओठांच्या कोपऱ्यांवर आणि उरलेला या हाडावर.

दाताने ठेवलेली नोंद

घोड्याच्या तोंडात पहिल्यांदा लगाम कधी गेला? आरंभीचे लगाम दोरीचे किंवा चामड्याचे असणार, आणि ते तर केव्हाच कुजून गेले. मग पुरावा कोठे शोधायचा? अमेरिकन पुरातत्त्वज्ञ डेव्हिड अँथनी आणि डॉर्कस ब्राउन यांनी तो दातात शोधला. घोडा कधीकधी जिभेने कडी मागे ढकलतो आणि दाढांत धरून चावतो. त्यामुळे खालच्या पहिल्या मोठ्या दाढेची पुढची कड तिरकी झिजते. दोरी आणि चामडे यांसारख्या मऊ वस्तूंनीही अशी झीज होते का, हे तपासण्यासाठी त्यांनी कधीही लगाम न घातलेल्या घोड्यांना अशा कड्या घातल्या, त्यांच्यावर स्वारी करवली आणि आधीच्या व नंतरच्या दातांचे साचे घेऊन झीज मोजली. झीज होत होती. कझाकस्तानातील बोताई येथे सापडलेल्या सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या काही दाढांवरही तशीच तिरकी झीज दिसली. त्यावरून बोताईचे लोक घोड्यांना लगाम घालत, असा निष्कर्ष काढण्यात आला.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. २०२१ साली विल्यम टेलर आणि क्रिस्टिना बॅरॉन-ऑर्टिझ यांनी हिमयुगातल्या, म्हणजे माणसाळण्याच्या कितीतरी आधीच्या, रानटी घोड्यांच्या दाढा तपासल्या. तशीच झीज त्यांवरही आढळली! म्हणजे केवळ या एका खुणेवरून लगाम सिद्ध होत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार आजच्या पाळीव घोड्यांचे मूळ बोताईत नसून व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या गवताळ प्रदेशात आहे, इ.स.पू. २०००च्या सुमारास तेथून ते सर्वत्र पसरले. नेमक्या त्याच सुमाराला उरल पर्वताच्या दक्षिणेकडील सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत रथ आणि घोडे यांच्याबरोबर शिंगाच्या गोल चकत्या सापडतात. या चकत्या घोड्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना बसत. त्यांच्या आतल्या, गालाकडच्या बाजूला टोकदार उंचवटे आहेत. वादी ओढली की ते ओठांत टोचत.

म्हणजे लगामाचा निर्विवाद पुरावा जेथे मिळतो, तेथेच काटाही मिळतो.

झेनोफोनच्या दोन कड्या

'याला काय होते आहे?' असे विचारणारा जुन्यातला जुना जाणकार, ज्याचे लिखाण आज पूर्ण उपलब्ध आहे, तो म्हणजे अथेन्सचा झेनोफोन. हा सॉक्रेटिसचा शिष्य, सैनिक आणि इतिहासकार. इ.स.पू. चौथ्या शतकात त्याने घोडेस्वारीवर एक छोटे पुस्तक लिहिले.

वापरातला घोडा विकत घेणाऱ्याला तो सांगतो, आधी दात पाहून वय ओळखा. मग मालकाला तुमच्या डोळ्यांदेखत लगाम घालायला आणि काढायला सांगा. कडी तोंडात कशी घेतो, कानांवरून पट्टा जाऊ देतो की नाही, हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. कडी कोठे बसावी याविषयीही तो नेमके बोलतो. फार वर ताणली तर तोंडाचे कोपरे कठीण होतात आणि त्यांची संवेदना जाते. फार खाली सोडली तर घोडा ती दातांत पकडतो. आणखी एक सूचना तर आजही कोणी द्यावी अशी आहे. लगाम फक्त कामाच्या वेळी घालू नका, चाऱ्याकडे नेतानाही घाला. मग घोडा आपणहून कडी तोंडात घेईल.

झेनोफोन दोन कड्या बाळगायला सांगतो : एक गुळगुळीत, दुसरी काटेरी. ग्रीक लोक त्या काट्यांना एका काटेरी प्राण्याच्या नावाने ओळखत. काटेरी कडी तोंडात धरून ठेवणे घोड्याला नकोसे होते, म्हणून तो ती सोडून देतो. मग गुळगुळीत कडी त्याला सुखाची वाटते, आणि काटेरी कडीने जे शिकला ते तो गुळगुळीत कडीवर खुशीने करतो, असे त्याचे म्हणणे. आज आपल्याला हे पटणार नाही. परंतु कडी ताठ सळईसारखी नसावी, साखळीसारखी सांध्यांत हलणारी असावी, हा त्याचा आग्रह आणि जबरदस्तीने करवलेल्या कामात समज नसते, हा आपल्या आधीच्या सायमन नावाच्या लेखकाचा विचार त्याने आवर्जून नोंदवला, ही गोष्ट आपल्याला आजही जवळची वाटते.

याच शतकाच्या शेवटी अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस भारतात येऊन गेला. त्याच्या नोंदींच्या आधारे पुढे एरियन या लेखकाने भारतीय लगामाचे वर्णन केले आहे. घोड्याच्या तोंडाभोवती कच्च्या चामड्याचा शिवलेला पट्टा, त्याला आतून पितळेचे किंवा लोखंडाचे, फार धारदार नसलेले काटे. श्रीमंतांच्या घरी हेच काटे हस्तिदंताचे. तोंडात सळईसारखे लोखंड आणि त्याला वाद्या. हस्तिदंती काटा टोचायचा थांबतो असे नाही, पण तो मालकाची ऐपत मात्र दाखवतो.

गंमत अशी की, झेनोफोनच्या भाषेत कडीला जो शब्द आहे, 'खलिनोस', तोच संस्कृतात 'खलीन' या रूपाने आला, असे भाषातज्ज्ञ मानतात. आपला 'लगाम' हा शब्द फारसीतून आला. घोडे, कड्या आणि त्यांची नावे एकाच वाटेने, उत्तर-पश्चिमेकडून, आपल्याकडे येत राहिली.

तरफ तोंडात शिरते

साध्या कडीत स्वाराने जेवढा जोर लावला तेवढाच घोड्याच्या तोंडावर पडतो. इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांत युरोपातील केल्ट लोकांनी यात बदल केला. त्यांनी कडीच्या दोन्ही टोकांना उभे दांडे जोडले आणि वादी दांड्याच्या खालच्या टोकाला बांधली. पुढे दांड्याच्या वरच्या टोकाला हनुवटीखालून जाणारी साखळीही आली.

आता वर्गात फळ्यावर मांडता येईल असे गणित करू. समजा, कडीच्या वरचा दांडा ५ सेंटिमीटर आहे आणि खालचा १० सेंटिमीटर. वादी २ किलोच्या जोराने ओढली. तरफेच्या नियमाप्रमाणे हनुवटीच्या साखळीवर ४ किलोचा ताण येतो. वादी आणि साखळी या दोन्ही कडीला मागे खेचतात, म्हणून हिरडी आणि जीभ यांवर साधारण २ + ४ म्हणजे ६ किलोचा भार पडतो. मधला जबडा अडकित्त्यातल्या सुपारीसारखा दाबला जातो. खालचा दांडा २० सेंटिमीटर केला तर? साखळीवर ८ किलो आणि तोंडात १०! स्वाराच्या हाताला मात्र तेच दोन किलो जाणवत राहतात. दिलेला जोर आणि झालेली वेदना यांचा संबंध हाताला कळेनासा होतो, हा तरफेचा खरा धोका आहे.

मध्ययुगात चिलखती स्वार एका हाताने घोडा आवरत, कारण दुसऱ्या हातात शस्त्र असे. दांडे लांबत गेले. १५५० साली नेपल्सच्या फेदेरिको ग्रिसोने याने अश्वविद्येवर पुस्तक छापले; त्यात वेगवेगळ्या खोडींच्या घोड्यांसाठी वेगवेगळ्या कड्यांची चित्रे पानोपानी आहेत. जणू प्रत्येक खोडीला लोखंडाचा एक आकार! फ्रान्सचा राजा तेरावा लुई याचा अश्वशिक्षक प्लुविनेल याने पुढच्या शतकात घोड्याचा स्वभाव ओळखून सौम्यपणे शिकवण्याचा आग्रह धरला. परंतु लोखंडी उत्तराची सवय गेली नाही.

जिंजर नावाची घोडी

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर एक नवी फॅशन आली. बग्गीचे घोडे मान उंच, कमानदार धरून चालले पाहिजेत. त्यासाठी कडीपासून निघून थेट पाठीवरच्या पट्ट्याला अडकवलेली आखूड वादी वापरत. ही वादी कोणाच्या हातात नसे, म्हणून ती कधी सैलही होत नसे. चढावर गाडी ओढताना घोड्याला डोके खाली घालून अंगाचा भार पुढे टाकावा लागतो. आखूड वादीमुळे तेच अशक्य होई. तोंडाचे कोपरे फाटत, मान आखडत असे.

१८७५ साली एडवर्ड फोर्डम फ्लॉवर या निवृत्त व्यावसायिकाने या वादीविरुद्ध आणि कडक कड्यांविरुद्ध पुस्तिका लिहून मोहीम चालवली. दोनच वर्षांनी, १८७७ साली, ॲना स्यूएल यांची 'ब्लॅक ब्यूटी' ही कादंबरी आली. चौदाव्या वर्षी पडल्यामुळे स्यूएल यांचे पाय अधू झाले होते आणि फिरण्यासाठी त्यांना घोड्याच्या गाडीवरच अवलंबून राहावे लागे. कादंबरीत घोडाच आपली कहाणी सांगतो. तिच्यात जिंजर नावाची घोडी आहे. ती चावते, लाथा मारते, म्हणून तिला दुष्ट ठरवले गेले आहे. तिच्या तोंडून कळते की कडक कडी आणि आखूड वादी यांनी तिची जीभ आणि जबडा सोलून निघाला होता. तिचा स्वभाव हा तिच्या दुखण्याचा परिणाम होता. ज्यांचा घोड्यांशी रोजचा संबंध येतो अशा माणसांसाठी स्यूएल यांनी हे लिहिले. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांतच त्या वारल्या. १८९० पासून अमेरिकेत प्राणिदयेच्या कार्यकर्त्यांनी या पुस्तकाचा मोठा प्रसार केला आणि आखूड वादी हळूहळू मागे पडली.

आत डोकावल्यावर

येथपर्यंत सगळे अंदाज बाहेरून बांधलेले होते. कडी तोंडात नेमके काय करते, हे कोणी पाहिले नव्हते. १९८०च्या दशकात हिलरी क्लेटन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने, कडी तोंडात असताना आणि वादी ओढताना, घोड्याच्या तोंडाची हलती चित्रे घेतली. अशा अभ्यासांतून आणि तोंडाची प्रत्यक्ष मापे घेतल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. मिटलेल्या तोंडात मोकळी जागा जवळजवळ नसतेच. जीभ ती सगळी व्यापते. 'जितकी जाड कडी तितकी मऊ' ही समजूत दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ या सूत्राला धरून होती, परंतु जाड कडीला तोंडात मावायलाच जागा नसेल तर ती जीभ आणि टाळू यांना सतत दाबत राहते.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी फिनलंडमध्ये दुडक्या चालीच्या शर्यतींनंतर २६१ घोड्यांची तोंडे तपासण्यात आली. ८४ टक्के घोड्यांच्या तोंडात, कडी बसते त्या भागात, ताज्या जखमा होत्या. रक्त बाहेरून दिसले असे घोडे मात्र फार थोडे होते. म्हणजे बाहेरून पाहून सगळे ठीक वाटते, आणि आत जखम असते. पुढच्या विश्लेषणात असेही दिसले की, फार बारीक आणि फार जाड अशा दोन्ही प्रकारच्या कड्यांचा जखमांशी अधिक संबंध आहे. मध्यम, सुमारे १४ ते १७ मिलिमीटर जाडीच्या कड्यांचा कमी.

वयस्क घोड्याचे तोंड

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वर्षानुवर्षे शहाण्यासारखा वागणारा घोडा अठराव्या वर्षी कडी का नाकारू लागतो?

घोड्याच्या दाढा हिरडीखाली खूप लांब असतात आणि त्या वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर वर सरकत राहतात. चारा दळताना तेवढीच झीज होते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्यांची आतली कड न झिजता धारदार होते. कडी आणि नाकावरचा घट्ट पट्टा गाल या धारेवर दाबतात आणि गाल आतून सोलला जातो. विशीनंतर दातांचा साठा संपत येतो. दाढा हलू लागतात, फटींत चारा अडकतो. पंधरा वर्षांच्या पुढच्या घोड्यांत पटाशीच्या दातांची आणि सुळ्यांची मुळे विरघळण्याचा एक वेदनादायक रोगही आढळतो. त्याला २००८ साली नाव मिळाले. त्याआधी असे कितीतरी घोडे केवळ हट्टी ठरले असणार. शिवाय उतारवयात मानेचे सांधे धरतात आणि डोके पूर्वीसारखे वाकवणे जड जाते.

म्हणून आज जाणकार सांगतात तो क्रम असा. आधी पशुवैद्याकडून, तोंड नीट उघडून, उजेडात दात तपासून घ्यायचे. धारा कानशीने घासायच्या. जखम असेल तर ती भरेपर्यंत कडीला सुट्टी द्यायची. मग कडीची रुंदी आणि जाडी त्या घोड्याच्या तोंडाप्रमाणे निवडायची. नाकावरचा पट्टा आणि नाकाचे हाड यांच्यामध्ये दोन बोटे सहज जावीत. थंडीत लोखंड हाताने ऊबदार करून मगच तोंडात द्यावे. आणि बदल एका वेळी एकच करायचा. कडी, पट्टा आणि स्वार एकदम बदलले तर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेत आपण मुलांना हेच शिकवतो.

एवढे करूनही घोडा कडी नाकारत असेल तर बिनकडीचा लगाम आहे. तो नवा नाही. रोममधील ट्राजनच्या स्तंभावर उत्तर आफ्रिकेचे स्वार लगामाशिवाय दौडताना कोरलेले आहेत. परंतु कडी नाही म्हणजे वेदना नाही, असे समजू नये. नाकावरून दाब देणाऱ्या लगामालाही लांब दांडे लावले की तेथे तोच तरफेचा नियम लागू होतो, आणि नाकाच्या हाडाचे टोक फार पातळ असते. शेवटी सारे हातावर येते.

काटा अजून आहे

आपल्या देशात ओझे वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसंबंधीच्या १९६५च्या नियमांनी काटेरी कडी वापरण्यास मनाई केली. निआर्कसने पाहिलेल्या काट्यांपासून या नियमापर्यंत सुमारे २,२९० वर्षे गेली. मनाई होऊनही काटेरी कड्या पूर्णपणे नाहीशा झालेल्या नाहीत. त्या वापरणारा माणूस बहुतेक वेळा क्रूर नसतो. त्याचे पोट घोड्यावर असते आणि घोडा आवरण्याचा दुसरा उपाय त्याला कोणी दाखवलेला नसतो. नियमाबरोबर दातांची तपासणी आणि साधी गुळगुळीत कडी त्याच्यापर्यंत पोहोचली, तर अधिक उपयोग होईल.

मुलांना घेऊन कधी टांग्याच्या अड्ड्यावर किंवा घोडेवाल्याकडे जाता आले तर जरूर जावे. घोड्याला हात न लावता, मालकाच्या परवानगीने, एवढेच पाहावे : कडीला दांडे आहेत का, असल्यास वरचा आणि खालचा भाग किती लांब आहे, ओठांच्या कोपऱ्यात पांढरे डाग किंवा घट्टे आहेत का, नाकावरच्या पट्ट्याखाली जागा आहे का, घोडा तोंड मिटून उभा आहे की वासून. वर्गात परतल्यावर दांड्यांच्या मापांवरून तोंडावरचा भार काढता येईल. आणि त्या घोड्याला 'खोडीचा' म्हणणारा कोणी भेटला असेल, तर त्याच्या तोंडात शेवटचे कधी पाहिले होते, एवढे मुलांनी नम्रपणे विचारावे.